करंगळीच्या नखाएवढं

आमच्या बंगालमधल्या वंध्यत्व उपचार केंद्रात नसबंदी उलटवून घ्यायला येणाऱ्या पुरुषांकडून जो अर्ज भरून घेतात, त्यातला सतरावा प्रश्न असा आहे: आधीच्या शस्त्रक्रियेत शुक्रवाहिनीचा किती भाग कापून काढला? दोन वर्षांत मी असे एकेचाळीस अर्ज पाहिले. चाळीस अर्जांत या रकान्यात ‘माहीत नाही’ लिहिलेलं आहे किंवा नुसती रेघ मारलेली आहे. ते साहजिकच आहे. टेबलावर झोपलेल्या माणसाला आपल्यातलं किती गेलं हे कोणी सांगत नाही, आणि तोही विचारत नाही. एकेचाळिसाव्या अर्जात माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: दोन्ही बाजूंना सारखा, करंगळीच्या नखाएवढा.

मी प्रयोगशाळेत काम करते. अर्ज भरणं माझ्याकडे नाही. पण गेल्या जानेवारीत डॉ. अर्णव सान्यालांनी मला फोन करून खाली ओपीडीत बोलावलं. समोरच्या जोडप्यातला नवरा या प्रश्नावर नुसता बायकोकडे पाहत होता. तिला बांगला जेमतेम समजत होती, हिंदीत ती दोन शब्दांवर थांबत होती, आणि तिच्या कागदांवर जिल्हा गडचिरोली लिहिलेला होता. सान्याल इथल्याच जुन्या बागबाजार भागातले. मी मराठी आहे हे कळल्यापासून ते मला बर्गी म्हणतात, म्हणजे बंगाल लुटायला आलेली मराठा स्वार. तुमचे घोडेस्वार येतील म्हणून आमच्या पूर्वजांनी खंदक खणला आणि शेवटी तुम्ही बँकेच्या बदलीवर आलात, हा त्यांचा ठरलेला विनोद. माझे बाबा खरंच बँकेच्या बदलीवर आले होते.

“बर्गी, तुझ्या मुलखातली पाहुणी आहे,” ते म्हणाले. “जरा विचार तिला.”

नवऱ्याचं नाव तन्मय माहातो, वय सदतीस, मूळचा झाडग्रामकडचा, आता खिदिरपूरला कंटेनर यार्डात फोर्कलिफ्ट चालवणारा. बायकोचं नाव मंगला, वय चौतीस, एका वृद्धाश्रमात आजारी म्हाताऱ्यांची देखभाल करणारी. फाइलमध्ये दोघांच्या आत्मसमर्पणाच्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स होत्या. दोघं पाच वर्षांपूर्वीपर्यंत जंगलात एका सशस्त्र संघटनेत होते. तो बंगालमधून तिकडे पाठवला गेला होता, ती तिथलीच. तिथे त्यांचं लग्न झालं आणि तिथल्या नियमाप्रमाणे लग्नाआधी त्याची नसबंदी झाली. आता त्यांना मूल हवं होतं.

सान्यालांची अडचण सरळ होती. कापलेल्या नळीची दोन टोकं ताण न देता एकमेकांपर्यंत पोचली, तरच ती शिवता येतात. वर्षभरापूर्वी अशाच एका माणसाला त्यांनी उघडलं, तेव्हा एका बाजूला चार सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला त्याहून जास्त भाग गायब होता. काही न करता जखम बंद करावी लागली. त्या माणसाला भूल उतरल्यावर ते सांगणं त्यांना फार जड गेलं होतं. आता जंगलात कोणी, कशाने, किती कापलं हे कळल्याशिवाय ते दुसऱ्या माणसाला हात लावणार नव्हते. दोघांपैकी कोणाला काहीच माहीत नसेल तर नाही म्हणून मोकळं व्हायचं, असं त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं.

मी मंगलाला सतरावा प्रश्न मराठीत विचारला. ती अर्जाकडे पाहत राहिली. तन्मयने तिच्याकडे पाहिलं आणि मग उगाचच छताकडे पाहत बसला. मला वाटलं ती लाजते आहे, म्हणून मी प्रश्न जास्त सोप्या शब्दांत पुन्हा विचारला.

“समजलं मले पहिल्यांदाच,” ती म्हणाली. “हा कागद पोलिसांकडे जाते का?”

मला हे माहीत नव्हतं, म्हणून मी सान्यालांना विचारलं. ते म्हणाले, मला दोन टोकांमधलं अंतर हवं आहे. कापलं कोणी, असा प्रश्नच अर्जात नाही. मी तसंच्या तसं सांगितलं. मग तिने उजव्या हाताची करंगळी टेबलावर ठेवली आणि अंगठ्याने तिचं नख दाखवलं.

“एवढं. दोन्हीकडे सारखं. वरच्या सरळ भागातून. खाली जिथं नळी गुंडाळलेली राहते ना, त्याच्या दोन बोटं वर.”

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

“मीच कापलं.”

तन्मयला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण तोच सान्यालांना बांगलात म्हणाला, आमच्या तुकडीची डॉक्टर हीच होती, सर.

सान्यालांनी पेन खाली ठेवलं. मग जे प्रश्न ते विचारत गेले ते मी परीक्षेत ऐकले आहेत: दोरा कोणता, टोकं बांधली की जाळली, रक्तस्राव झाला का, ताप आला का. प्रत्येकाला ती थोडा विचार करून उत्तर देत होती. काळा दोरा. दोन्ही तोंडं बांधली आणि वरचं मागे वळवून पुन्हा बांधलं. ताप नाही, सूज चार दिवस. अशा किती केल्या, या प्रश्नावर ती म्हणाली, बारा, आणि नवऱ्याकडे मान वळवून म्हणाली, हा बारावा. सान्यालांनी फेब्रुवारीतली तारीख दिली.

तन्मय रक्त तपासायला गेला तेव्हा मी तिला कॅन्टीनमध्ये चहाला नेलं. मला विचारायचं खूप होतं, आणि तिने एका अटीवर सांगायचं कबूल केलं. नावं आणि गावं विचारायची नाहीत.

लग्न करायचं असेल तर अर्ज करावा लागे. दोघांनी वेगवेगळा, समितीकडे. समिती दोघांना वेगवेगळं बसवून विचारत असे, आणि मुलीला आधी विचारत, कोणी दबाव आणला आहे का म्हणून. दोघांचा सूर जुळला नाही तर अर्ज तिथेच संपला. जुळला तर वर्षभर थांबायचं, आणि त्या वर्षात दोघांना मुद्दाम वेगळ्या तुकड्यांत ठेवायचे. चिठ्ठी चालायची, पण उघडी, वाचून पुढे दिलेली. वर्षानंतर दोघांचं म्हणणं तेच असेल तर मुलाची नसबंदी, आणि ती भरून आली की सगळ्यांसमोर उभं राहून दोन-चार वाक्यांची शपथ. जात विचारत नसत. देणंघेणं नाही, मानपान नाही. मुलगा मुलीच्या मागे लागला आणि तिची मर्जी नसली तर त्याची बंदूक काढून घेत. लग्न मोडायचं झालं तरी अर्ज होताच.

नसबंदी कशासाठी, हे तिने मी न विचारताच सांगितलं. मूल झालं की बाई मागे राहते. तिच्याबरोबर बाप मागे राहतो. चालणाऱ्या लोकांत रडणारं मूल नेता येत नाही. हिशेब बरोबर होता, ती म्हणाली, आणि चहाचा कप फिरवत राहिली. हिशेब बरोबर असला तरी तेवीस वर्षांच्या पोराला पुढे कधी मूल हवंसं वाटेल का, हे विचारलं जात नव्हतं, तेही तिने त्याच आवाजात सांगितलं. काही जण पळून गेले ते याचमुळे.

ती आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकली होती. विज्ञानात बरी होती. संघटनेत आल्यावर तिला तीन महिने एका फिरत्या डॉक्टरबरोबर ठेवलं, गोळ्या, सलाईन, टाके आणि हिवतापाच्या काचपट्ट्या वाचायला. नसबंदी आधी दुसरा एक जण करायचा. त्याच्या हातून एक मुलगा जखम चिघळून मेला, तेव्हा ते काम हिच्याकडे आलं. तिने पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी ठरवल्या. एक, हत्यारं वीस मिनिटं उकळल्याशिवाय हात लावायचा नाही, वर कोणीही घाई करो. दुसरी तिची स्वतःची. नसबंदीनंतर लगेच लग्न लावत असत, आणि दोन मुलींना दिवस गेले होते. पुढाऱ्यांना वाटलं मुली खोटं बोलतात. तिला वाटलं, नळी बांधली तरी बांधल्याच्या पलीकडे जे आधीच साठलेलं आहे ते जाईल कुठे? म्हणून तिने हिवतापाचा मायक्रोस्कोप वापरून मुलांचं वीर्य तपासायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी एक काचपट्टी, त्यानंतर पंधरा दिवसांनी दुसरी. दोन्ही स्वच्छ दिसल्या तरच ती लग्नाला होकार कळवायची.

हे ऐकताना मी चहा प्यायची विसरले. आम्हाला हे एमएस्सीत पुस्तकातून शिकवलं. तिने दोन गरोदर मुलींच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि उरलेलं तर्काने काढलं.

मी विचारलं, मग तन्मयच्या वेळी? तेव्हा ती पहिल्यांदा हसली. तिने समितीला लेखी कळवलं होतं की माझ्या माणसावर मी करणार नाही, दुसरं कोणी पाठवा. समितीने कळवलं, दुसरं कोणी नाही. मग तिनेच केली. तीन महिन्यांनी काचपट्टी पाहिली तर तिच्यात दोन शुक्रजंतू दिसले. संपूर्ण पट्टीत दोन, तेही न हलणारे. तिने लग्न पुढे ढकललं. पंधरा दिवसांनी एक दिसला. पुन्हा पुढे. सगळी तुकडी तिला हसायची की डॉक्टरीण आपलंच लग्न होऊ देत नाही. तन्मय पहाऱ्यावरून ओरडून विचारायचा, आज किती? साडेचार महिन्यांनी लग्न झालं.

“थोडं कमी कापायचं मनात नाही आलं?” मी विचारलं. हा प्रश्न मी विचारायला नको होता.

“आलं ना. का नाही येणार,” ती म्हणाली. “पण अकरा जणांचं कापलं होतं. ते समोर जेवायले बसत होते रोज. सगळ्यांचं जेवढं, तेवढंच त्याचं कापलं.”

त्या आठवड्यात घरी आईने माझा बायोडेटा तिसऱ्यांदा दुरुस्त केला आणि पुण्याच्या मावशीला पाठवला. त्यात उंची एक सेंटिमीटर वाढली होती. मी आईला म्हटलं, एक समिती आहे, तिथे मुलीला आधी विचारतात. कुठली, असं तिने फार आशेने विचारलं.

शस्त्रक्रिया फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी झाली. माझं काम असं असतं: डॉक्टर नळीचं खालचं टोक उघडतात, त्यातून जो थेंब येतो तो काचपट्टीवर घेऊन मला खिडकीतून देतात, आणि मी पाहून सांगते. शुक्रजंतू किंवा निदान त्यांचे तुकडे दिसले तर मार्ग खालपर्यंत मोकळा आहे, मग टोकाला टोक शिवतात. काहीच दिसलं नाही तर काम कितीतरी अवघड होतं.

उजवी बाजू आधी उघडली. मध्ये माझ्याकडे स्पीकरवरून सान्यालांचा आवाज आला, की पट्टीने मोजलं, अकरा मिलिमीटर, आणि गाठ बाईने सांगितली तिथेच आहे, वरचं टोक मागे वळवलेलं. त्यांनी ते दोनदा सांगितलं. थेंबात मला सुटी डोकी आणि तुटलेल्या शेपट्या दिसल्या. पुरेसं होतं. मग बराच वेळ शिवण्यात गेला. डाव्या बाजूचा थेंब आला तेव्हा त्यात अख्खे शुक्रजंतू होते, आणि चाळीसमधले तीन जागच्या जागी थरथरत होते. दहा वर्षांनंतर. मी आकडे सांगितले. सान्याल म्हणाले, इथे अंतर फक्त चार मिलिमीटर आहे. टोकं जवळजवळ भेटलेलीच आहेत.

संध्याकाळी ते दोघांना भेटायला गेले आणि मला बरोबर नेलं. तन्मय बर्फाची पिशवी घेऊन पडला होता. सान्यालांनी चांगली बातमी द्यावी तशी दिली: दोन्ही बाजू जोडल्या, उजवी बरी, डावी उत्तम, कारण डाव्या बाजूला तुम्ही फारच कमी कापलं होतं. मी भाषांतर केलं. मला वाटलं होतं तिला आनंद होईल.

तिचा चेहरा पडला. तिने मला आकडे पुन्हा सांगायला लावले. मग विचारलं, मोजण्यात चूक होऊ शकते का?

मी जे खरं ते सांगितलं. दहा वर्षांत जखमेचा व्रण आकसतो, टोकं सरकतात, एका माणसाच्या दोन बाजूंवरून काही सिद्ध होत नाही. सात मिलिमीटरचा फरक त्याने पडू शकतो. नाहीही पडू शकत.

“डावी नंतर केली होती,” ती सावकाश म्हणाली. “उजवीच्या वेळी मी करंगळी लावून पाहिली, ते आठवते. डावीच्या वेळी लावली का, ते आठवत नाही.”

तन्मयने बांगलात विचारलं, काय झालं? मी सांगितल्यावर तो हसायला लागला, टाके दुखले म्हणून थांबला, आणि पुन्हा हसला. “दहा वर्षं मला सांगते आहे की नियम म्हणजे नियम. डॉक्टर, तू पण?” तो तिला म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. खुर्चीच्या कडेवर बसून ती स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होती, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे आणि त्याच्याकडून खुलासा मागायचा आहे. सान्यालांना काही कळेना. बाहेर आल्यावर ते म्हणाले, बर्गी, मी काही चुकीचं बोललो का? मी म्हटलं, नाही, तुम्ही बरोबर मोजलंत.

चार दिवसांनी टाके दाखवायला आले तेव्हा तिने मला बाजूला घेतलं. तिच्याकडे वहीचा एक कागद होता. उरलेल्या अकरा जणांपैकी सहा मेले होते, एकाचा पत्ता नव्हता. चार जण शरण येऊन कुठे कुठे राहत होते, आणि त्यातल्या दोघांना मूल हवं होतं. त्यांच्या डॉक्टरांसाठी मी इंग्रजीत लिहून द्यावं, असं तिचं म्हणणं होतं: कोणत्या वर्षी, कुठून, किती कापलं, टोकं कशी बांधली. मी लिहायला घेतलं. अंतराच्या रकान्यात मी दहा मिलिमीटर लिहिलं, तेव्हा तिने माझा हात धरला.

“अंदाजे लिहा. एका ठिकाणी माझं माप चुकलं तर बाकीच्या ठिकाणीही चुकलं असेल.”

मी विचारलं, किती कमी-जास्त? ती हिशेब करत राहिली. शेवटी म्हणाली, कमीत कमी चार, जास्तीत जास्त बारा लिहा. त्याहून जास्त नाही, ते मी शपथेवर सांगतो. तिच्या बोलीत बायकाही ‘सांगतो’ म्हणतात. माझ्याबरोबर शिकलेल्यांपैकी बहुतेकांना मी आपल्या फायद्याचा आकडा आल्यावर प्रयोग थांबवताना पाहिलं आहे. मीही थांबवला आहे. इथे आकडा तिच्या फायद्याचा होता. त्यावर तिला मूल मिळण्याची शक्यता उभी होती, आणि तिने त्या आकड्यावरून स्वतःच्या बाराही शस्त्रक्रियांवर शंका घेतली होती. मी चौघांसाठी चार प्रती काढल्या आणि प्रत्येकीवर ‘४ ते १२ मिमी, अंदाजे’ असं लिहिलं.

तन्मयच्या वीर्याचा पहिला नमुना सहा आठवड्यांनी आला. त्यात काही नव्हतं. हे अनेकदा होतं, सूज असते, असं मी तिला सांगितलं आणि तिने मान डोलावली. पण जाताना ती फाटकापाशी दोनदा चुकीच्या बाजूला वळली. तन्मयने तिला खांद्याला धरून बसस्टॉपकडे वळवलं. त्या दिवशी तो काही विनोद करत नव्हता.

दुसरा नमुना मे महिन्याच्या शेवटी आला. मी नियमाप्रमाणे दहा क्षेत्रं, म्हणजे भिंगाखाली एका वेळी दिसणारे काचपट्टीचे दहा भाग, पाहिली. पहिल्या चारांत काही नाही. पाचव्यात एक होता, आणि तो सरळ रेषेत क्षेत्राबाहेर निघून गेला. मी त्याच्यामागे काचपट्टी सरकवली नाही, कारण मोजताना तसं करायचं नसतं. पूर्ण मोजणी दोनदा केली. मिलिलिटरला चौदा लाख, त्यातले बावीस टक्के चालते. सर्वसाधारण माणसाच्या मानाने हे कमीच आहे, पण शून्याच्या मानाने फार आहे.

अहवाल द्यायला मी स्वतः खाली गेले. दोघं शेजारी बसले होते, मध्ये तिची पर्स. मी आकडे वाचून दाखवले, आणि गर्भ राहीलच असं नाही, अजून तीन महिन्यांनी पाहायचं, आकडा वाढू शकतो, हेही सांगितलं. तन्मय उठून उभा राहिला, मग काय करावं न सुचून पुन्हा बसला. त्याचे डोळे भरले होते आणि तो समोरच्या पाणी प्यायच्या यंत्राकडे पाहत होता.

मंगलाने अहवाल माझ्या हातातून घेतला. चौदा लाख हा आकडा तिने बोट ठेवून वाचला.

“यातले डावीकडचे किती?”

मी सांगितलं की ते कळत नाही. दोन्ही बाजूंचं वाटेत एकत्र मिसळतं.

“मायक्रोस्कोपखाली ओळखू येत नाही?”

“नाही.”

“कोणालेच नाही? मोठ्या मशीनवर पण नाही?”

मी थोडा विचार केला, कारण तिला चुकीचं उत्तर द्यायचं नव्हतं. कोणालाच नाही, मी म्हटलं, कुठल्याच यंत्रावर नाही. मूल झालं तरी ते कोणत्या बाजूचं, हे जगात कोणी सांगू शकणार नाही.

तिने उजव्या हाताच्या करंगळीचं नख एकदा पाहिलं. मग तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, आणि नवऱ्याच्या हाताला हात लावून त्याला त्यांच्या आपसातल्या गोंडीत काहीतरी सांगितलं. तो हसला. मी अर्थ विचारला नाही.